झाड सालीखाली जगते, गाभ्यात नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या वळवाबरोबर झाडे पडल्याच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : ‘झाड आतून पोकळ झाले होते.’ वाचणाऱ्याला वाटते, झाड मेलेलेच होते, फक्त उभे होते. वास्तविक मोठ्या झाडाच्या बुंध्यातले मधले लाकूड, म्हणजे मध्यकाष्ठ, झाड धडधाकट असतानाच निर्जीव झालेले असते. ते पोखरले गेले तरी झाडाला पाणी आणि अन्न मिळत राहते. पोकळ बुंध्याचे वड आणि गोरखचिंचा पिढ्यान्‌पिढ्या पालवतात त्या यामुळेच. पोकळीमुळे कमी होते ती ताकद, आणि तिचाही ठोकताळा आहे. भोवतीचे निरोगी लाकूड त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके जाड असेल आणि पोकळीला बाहेर मोठे तोंड नसेल, तर बुंधा सहसा वारा सोसतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्याला असे ९-१० सेंटिमीटर लाकूड हवे. तेव्हा पडलेल्या झाडाचा पंचनामा करताना पोकळीइतकेच मुळांकडेही पाहायला हवे. ती कापलेली होती का, कुजलेली होती का, हे बातमीत क्वचितच येते.

सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाची पातळ चकती सॅफ्रानिन या लाल रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे विज्ञान शाखेच्या अनेकांना आठवत असेल. बाहेर अपित्वचा, आत बाह्यक, मग गोलाकार मांडलेले वाहिन्यांचे जुडगे आणि मधोमध भेंड. प्रत्येक जुडग्यात आतल्या अंगाला पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या, बाहेरच्या अंगाला अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या आणि दोहोंच्या मध्ये ऊतककराचा म्हणजे कॅम्बियमचा पट्टा. चाचणीपुरते एवढे पाठ करून आपण वही मिटतो. रस्त्यावरच्या झाडाची गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू होते. फांदी जुनी होऊ लागली की हे सुटे पट्टे एकमेकांना जोडले जातात आणि शेंड्याजवळच्या डहाळीपासून मुळापर्यंत कॅम्बियमचे एक अखंड नळकांडे तयार होते. त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशाएवढी. ते आतल्या बाजूला लाकूड, म्हणजे जलवाहिन्या, घालते आणि बाहेरच्या बाजूला आतली साल, म्हणजे रसवाहिन्या. लाकूड जास्त, साल कमी. जुने लाकूड आत साठत जाते, जुनी आतली साल चेपली जाऊन बाहेर ढकलली जाते. बुंधा जाड होतो तो एवढ्या एका पडद्यामुळे.

उंची वाढते ती फक्त शेंड्यांवरच्या विभाजी, म्हणजे सतत नव्या पेशी घालणाऱ्या, ऊतींमुळे. खोडाचा तयार झालेला भाग पुन्हा ताणला जात नाही. आज दीड मीटर उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही दीड मीटरवरच असेल. तो झाडाबरोबर वर चढत नाही, लाकडात गडप होतो. क्लासच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या अशाच अर्ध्या गिळलेल्या दिसतात. एका खिळ्याने झाड मरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. खिळ्याभोवतीचा थोडा कॅम्बियम मरतो आणि झाड तेवढा भाग बंदिस्त करून टाकते. वाईट असतात ते एकाच उंचीवर बुंध्याभोवती ठोकलेले दहा-पंधरा खिळे आणि त्यांना आवळून बांधलेली तार. खिळे काढण्याच्या मोहिमा होतात, त्यांना एक सूचना : डोके बाहेर असलेला खिळा सरळ ओढून काढावा. साल ज्याच्यावर चढून बसली आहे तो तसाच राहू द्यावा. छिन्नीने कोरून काढला तर खिळ्यापेक्षा मोठी जखम होते.

तारेचा प्रश्न जास्त गंभीर आहे. पानांत तयार झालेली साखर आतल्या सालीतून खाली मुळांकडे जाते, पाणी मात्र लाकडातून वर चढते. सालीचे पूर्ण कडे काढले तर कड्याच्या वर फुगवटा येतो, हे इटलीचे शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पीगी यांनी सतराव्या शतकातच दाखवले होते. वरून आलेला माल अडतो आणि तिथेच साचतो. दिव्यांच्या माळा, केबल, होर्डिंगच्या तारा, रोप लहान असताना लावलेल्या आणि मग विसरलेल्या लोखंडी जाळ्या हेच काम सावकाश करतात. बुंधा जाड होतो, तार जागची हलत नाही, आतली साल चिरडली जाते. पाणी वर जातच असते, त्यामुळे झाड एखाद-दोन हंगाम हिरवेगार दिसते. खाली मुळे उपाशी मरत असतात. झाड वाळते तोवर तार कोणी, कधी बांधली हे कोणाला आठवत नाही. ओळखायची खूण सोपी आहे : तारेच्या वरचा भाग खालच्यापेक्षा जाड दिसू लागला की अन्न अडते आहे. तार त्याच दिवशी तोडावी. सालीत रुतली असेल तर दर हातभर अंतरावर कापून मोकळी करावी, खेचून काढू नये. (वटपौर्णिमेच्या सुतावर दरवर्षी कोणी ना कोणी तोंडसुख घेतो. कच्चे सूत एका पावसाळ्यात कुजून जाते, त्याने वडाला काही होत नाही. नायलॉनचा दोरा मात्र कुजत नाही. मंडईत विकायला येणाऱ्या वडाच्या फांद्यांबद्दल बोलायचे तर तो विषयच वेगळा.)

आता सिमेंटकडे. पदपथाचे काम निघाले की ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले जातात, फटीतसुद्धा गिलावा भरला जातो. साधा हिशोब करू. बुंध्याचा व्यास वर्षाला एक सेंटिमीटर वाढला, तर प्रत्येक बाजूला अर्धा सेंटिमीटर जागा लागते आणि घेर तीन सेंटिमीटरहून जास्त वाढतो. अडीच सेंटिमीटरची फट पाच वर्षांत भरते, पाचची दहा वर्षांत. रेन ट्री, सोनमोहर यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडे याहून लवकर भिडतात. पुढे एक तर ब्लॉक उखडतात, नाही तर बुंधा दबतो. ब्लॉक उखडले की तक्रार होते आणि दुरुस्तीला आलेला माणूस कुऱ्हाडीने ते मूळच तोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर त्रिज्येतले काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्याकडे निदान नव्या कामांत तरी एवढे आळे मोकळे का ठेवले जात नाही? आळे म्हणजे कचराकुंडी होते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर वाळक्या पानांचा तीन-चार बोटे थर द्यावा किंवा सुट्या जाळीदार फरशा टाकाव्यात. फक्त हा थर बुंध्याला टेकू देऊ नये.

तो बुंध्याला का टेकता कामा नये, तर बुंध्याची साल कोरडी राहण्यासाठीच घडलेली असते. कॅम्बियमच्या बाहेर दुसरा एक वाढीचा थर असतो, त्वक्षाकर. तो बाहेरची मृत, पाणी न शिरू देणारी साल बनवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पांढऱ्या फुलांचा सडा घालणाऱ्या बुचाच्या झाडाला नाव मिळाले ते अशाच मऊ, जाड सालीवरून. बाटलीचे खरे बूच दुसऱ्याच झाडाचे, भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकच्या सालीचे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांना १६६५ मध्ये पेशींच्या खोल्या दिसल्या त्या त्याच्याच कापात. झाडाच्या बाहेरच्या सालीत श्वासासाठी बारीक भोके असतात, वल्करंध्रे. बुंध्याभोवती माती, राडारोडा किंवा सिमेंट चढवले की ती बुजतात, साल सतत ओली राहते आणि बुरशी शिरते. जुने पार दगडी होते, सांध्यांत माती होती. शिवाय वड-पिंपळ गाडलेल्या बुंध्यातूनही नवी मुळे फोडू शकतात, म्हणून ते तरून गेले. आंब्याला तसाच पार बांधून वर टाइल बसवली तर आंबा ते सोसेलच असे नाही. गेरू-चुन्याने साल मरत नाही. त्याने वाळवी थांबते हा समज मात्र फार मोठा आहे. पांढऱ्या पट्ट्याचा खरा उपयोग रात्री गाडी चालवणाऱ्याला झाड दिसावे, इतकाच.

मुळांची रचना खोडासारखी नसते. कोवळ्या मुळात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या एका जुडग्यात नसतात, त्या आळीपाळीने शेजारी उभ्या असतात. त्यांच्याभोवती अंतस्त्वचेचे कडे. या कड्याच्या पेशींना मेणचट पट्टी असते, तिला कॅस्पारी पट्टी म्हणतात. या पट्टीमुळे मातीतले पाणी पेशींच्या फटींतून थेट आत घुसत नाही, जिवंत पेशीतून गाळून जावे लागते. अंतस्त्वचेच्या आत परिरंभ नावाचा थर असतो आणि उपमुळे तिथून जन्मतात, बाह्यक फोडत बाहेर येतात. फांदी उगवते ती बाहेरच्या कळीतून, उपमूळ उगवते ते आतून. हे पाहायला प्रयोगशाळा नको, गाजर पुरे. गाजराची आडवी चकती करा. मधला फिकट गोल म्हणजे जलवाहिन्यांचा भाग, बाहेरचा गडद नारिंगी म्हणजे मुख्यतः रसवाहिन्यांचा, आणि दोहोंमधली बारीक रेघ म्हणजे कॅम्बियम. आता दुसरे गाजर उभे चिरा : बाहेर लोंबणाऱ्या बारीक मुळाची रेषा सरळ मधल्या भागापर्यंत पोहोचलेली दिसेल. बीटाच्या चकतीत वलये दिसतात ती एकामागून एक तयार होणाऱ्या अनेक कॅम्बियमांची. त्यांचा वर्षांशी संबंध नाही.

पाणी शोषतात ती फक्त मुळांची टोके आणि त्यांच्यामागचे काही मिलिमीटर-सेंटिमीटर अंतरावरचे केसांसारखे मूलरोम. जाड मूळ वाहतूक करते आणि झाडाला धरून ठेवते, पीत नाही. ही पिणारी मुळे मुख्यतः जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांत असतात, कारण त्यांना हवा लागते. पुण्याच्या टेकड्यांवर तर फूट-दीड फुटाखाली मुरूम किंवा काळा पाषाणच लागतो. बाजूला ती पानांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. ‘जेवढे झाड वर तेवढेच मूळ खाली’ हे ऐकायला छान आहे, पण रस्त्यावर ते उपयोगाचे नाही. त्यामुळे मोठ्या झाडाच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओतणे जवळजवळ वाया जाते. पाणी पानांच्या घेराच्या कडेजवळ, आठ-दहा दिवसांतून एकदा पण मुरेल इतके द्यावे. पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या रोपाचे उलटे असते : त्याची मुळे अजून पिशवीएवढ्याच गोळ्यात असतात, म्हणून पाणी तिथेच हवे.

आणि आता खोदाई. या पत्राचा खरा मुद्दा हाच आहे. केबल, गॅस, ड्रेनेज, पुन्हा केबल. चर पदपथाच्या कडेने, म्हणजे नेमका झाडांच्या रांगेतून जातो. झाडाला उभे धरणारी जाड मुळे बुंध्याच्या व्यासाच्या तीन ते पाच पट अंतरात असतात. बुंध्याचा घेर दोन मीटर असेल तर व्यास सुमारे ६४ सेंटिमीटर, म्हणजे ही मुळे साधारण दोन-तीन मीटरच्या आत. चर दीड मीटरवरून गेला की झाडाची एक बाजू अक्षरशः सुटते. तुटलेल्या मुळाच्या तोंडाशी नवी मुळे येतात, पण ती पेन्सिलीएवढी. त्यांच्यावर कॅम्बियमने लाकडाचे थर चढवून ती पुन्हा मनगटाएवढी व्हायला कित्येक वर्षे लागतात. दरम्यान कापलेल्या तोंडातून बुरशी बुंध्याकडे सरकत असते. झाड बहुधा खोदाईच्या वर्षी पडत नाही. दोन-तीन पावसाळे गेल्यावर, माती पाण्याने फुगलेली असताना, जोराच्या वाऱ्यात पडते, आणि तेही चराच्या विरुद्ध दिशेला, कारण मागून ओढून धरणारे दोरच तोडलेले असतात. बातमी येते : आतून पोकळ होते.

झाडांचा विचार करून खोदायचे तर व्यासाच्या बारा पट अंतर सोडावे असा संकेत आहे. ६४ सेंटिमीटरच्या झाडाला ते साडेसात मीटरच्या वर जाते. पुण्याच्या रस्त्यात ते शक्य नाही, हे मान्य. पण तीन गोष्टी शक्य आहेत. आळ्याजवळ जेसीबी आणू नये, तिथे कुदळ-फावड्याने हाताने खणावे. २५ मिलिमीटरहून जाड मूळ तोडू नये, नळी त्याच्या खालून ओवून न्यावी. तोडावेच लागले तर करवतीने सरळ कापावे आणि चर त्याच दिवशी बुजवावा, कारण उघडे पडलेले मुळाचे टोक उन्हात तासा-दोन तासांत वाळते. जेसीबीच्या दातांनी मूळ नुसते तुटत नाही, बुंध्यापर्यंत उभे चिरत जाते. निविदेत खड्ड्याची खोली, वाळूचा थर, फरशीची जाडी सगळे लिहिलेले असते. मुळाची जाडी लिहायला एक ओळ पुरते.

छाटणीचेही असेच आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे खालच्या बाजूला फुगीर, सुरकुतलेली कड असते. तिला कॉलर म्हणू. ती खोडाची आहे, फांदीची नव्हे. जखम बंद करणारा कॅम्बियम तिच्यातच असतो. करवत कॉलरच्या बाहेर चालवावी, खोडाशी सपाट नव्हे आणि हातभर खुंट ठेवूनही नव्हे. जड फांदीला तीन काप लागतात : पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालून वर, जाडीच्या पाव ते तृतीयांश भागापर्यंत, दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली, फांदी पडेपर्यंत, तिसरा उरलेला खुंट कॉलरबाहेर काढण्यासाठी. पहिला काप टाळला की फांदी पडताना खोडाची साल फूट-फूट सोलत नेते. आपल्याकडे बहुतेक वेळा होते तेच. कोयत्याचे घाव त्याहून वाईट.

अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ अॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुंधे उभे चिरून दाखवले की झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजलेला भाग भिंतींनी वेगळा करते आणि त्यावरून नवे लाकूड घालते. सर्वांत मजबूत भिंत असते ती जखमेनंतर कॅम्बियमने घातलेली. म्हणून डांबर, रंग, शेण-माती फासून कूज थांबत नाही. उलट जाड लेपाखाली ओल टिकते. वाळलेल्या फांद्या वर्षभर कधीही काढाव्यात. जाड जिवंत फांदीचा निर्णय मात्र हिवाळ्यातच घ्यावा. मेअखेरीस घाईने केलेला मोठा काप थेट पावसात आणि बुरशीच्या बीजाणूंत उघडा पडतो. शेंडा उडवून झाड ‘लहान’ करण्याबद्दल काय बोलावे! झोपलेल्या कळ्यांतून झुपकेच्या झुपके फुटतात. ते बाहेरच्या एक-दोन थरांनाच चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत त्या फांद्या जड होतात आणि मोडतात त्या गाड्यांवर.

हे सगळे द्विदल झाडांचे झाले. सोसायट्यांच्या फाटकाशी रांगेने लावलेले रॉयल पाम, बॉटल पाम आणि नारळ एकदल आहेत. त्यांच्यात कॅम्बियम नसतो. वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात. रसवंतीत ऊस चावताना दातांत अडकणारे धागे म्हणजे तेच जुडगे. पामची जाडी कोवळेपणीच ठरते, मग तो फक्त उंच होतो. त्यामुळे पामच्या खोडावरची खाच, खिळ्याचे भोक, चढण्यासाठी पाडलेल्या पायऱ्या कधीच बुजत नाहीत. आणि शेंड्यावर एकच कोंब असतो. तो छाटला की झाड संपले, मग बाजूला पालवी फुटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एक मुद्दा वयाचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्यात ५० वर्षे वा अधिक वयाचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते. वय ठरवायचे कसे? सागाला स्पष्ट वार्षिक वलये असतात. पुण्यातल्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला तो त्यामुळेच. वड, पिंपळ, आंबा यांची वलये इतकी स्वच्छ नसतात. उरतो घेर, आणि घेर फसवतो : मोकळ्या मैदानातला रेन ट्री तीस वर्षांत जो घेर गाठतो, तो सिमेंटात कोंडलेल्या चिंचेला साठ वर्षांतही गाठता येणार नाही. फक्त टेपने वय ठरवले तर आखडून जगलेले म्हातारे झाड तरुण ठरते आणि कापले जाते. अशा झाडांसाठी जुने नकाशे, छायाचित्रे आणि आसपासच्या जुन्या रहिवाशांची साक्ष ग्राह्य धरावी.

शेवटचे जून-जुलैत झाडे लावणाऱ्या मंडळींसाठी. पिशवीतल्या रोपाची मुळे पिशवीच्या भिंतीला लागून गोल फिरलेली असतात. तशीच लावली तर पंधरा-वीस वर्षांनी तीच मुळे जाड होऊन बुंध्याला आवळतात. पिशवी खालून न फाडता उभी चिरावी आणि पूर्ण काढावी. मातीच्या गोळ्याला धारदार सुरीने दोन-तीन उभे, बोटाच्या पेरापेक्षा कमी खोल चिरे द्यावेत, तळाशी वळलेले मूळ सरळ करावे किंवा कापावे. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट. खोड जिथे मूळ होते ती जागा जमिनीच्या पातळीला यावी, दोन बोटे वर राहिली तरी चालेल, खाली गाडली जाऊ नये. काठी आठच्या आकड्यात सैल सुतळीने बांधावी आणि वर्षाने सोडावी. जाळी लावणाराच ती पुढे काढणार असेल तरच जाळी लावावी.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
एरंडवणे, पुणे